झाडणाऱ्या यंत्रांचे गाव

परदेशी जाऊन आलेल्या मनुष्यास इष्टमित्र जो पहिला प्रश्न विचारतात तो ‘काय काय पाहिलेत?’ हा होय. नायगाऱ्याचा प्रपात, न्यूयॉर्कची उत्तुंग मंदिरे, वॉशिंग्टन येथील राजकीय भवने अशी उत्तरे त्यांना अपेक्षित असतात. ही स्थळे मीही यथाशक्ति पाहिली. परंतु त्यांची वर्णने इतक्या समर्थ लेखण्यांतून उतरली आहेत की त्यांत माझ्यासारख्या शाळामास्तराने भर घालावी असे काही उरलेले नाही. म्हणून ज्या गावाचे नाव प्रवाशांच्या यादीत सहसा आढळत नाही, अशा एका लहानशा गावाची हकीकत वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे. त्या गावचे नाव नॉर्थ कँटन. ते अमेरिकेतील ओहायो राज्यात आहे, आणि त्याची प्रसिद्धी कशासाठी म्हणाल, तर केर काढण्यासाठी!

संस्कृतात केरसुणीला ‘संमार्जनी’ असे भारदस्त नाव आहे. नाव कितीही भारदस्त असले तरी वस्तूची जागा दाराआडचीच. ज्या यंत्राने पाश्चात्त्य देशांत या संमार्जनीचे पद घेतले, त्यास ‘व्हॅक्यूम क्लीनर’ म्हणतात. आपण त्याला हवे तर धूलिशोषक यंत्र म्हणू. आपल्याकडील पुष्कळ घरांत ते आता आलेले आहे, आणि दिवाळीच्या साफसफाईपुरते माळ्यावरून खाली उतरून पुन्हा माळ्यावर जाऊन बसते, हेही सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु हे यंत्र जन्मले कसे, ते कोणाच्या हातून जन्मले, आणि शंभर वर्षांपूर्वीची अशी यंत्रे शोधून, खोलून, दुरुस्त करून पुन्हा चालती करण्यात काही माणसे आपले आयुष्य का घालवितात, हे फारसे कोणास ठाऊक नसते. ते मला नॉर्थ कँटनमध्ये समजले.

माझी कन्या व जामात ओहायोमधील ॲक्रन या शहरी राहतात. रबराच्या धंद्याकरिता ते शहर एके काळी जगप्रसिद्ध होते. मी सेवानिवृत्त झालो त्याच वर्षी, म्हणजे २०१६ साली, शरद ऋतूत आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो होतो. त्या दिवसांत तिकडील मेपल वृक्षांची पाने तांबडी, केशरी, पिवळी होतात आणि रस्त्याच्या दुतर्फा जणू पळसच पळस फुललेला आहे असा भास होतो. ॲक्रनहून मोटारीने दक्षिणेकडे निघाले की सुमारे अर्ध्या तासात नॉर्थ कँटन लागते. तेथून आणखी नैर्ऋत्येस गेले तर होम्स परगण्यात आमिश पंथाचे लोक राहतात. ते आपल्या घरांत सार्वजनिक विजेच्या तारा घेत नाहीत आणि आजही घोड्याच्या बग्गीतून हिंडतात. म्हणजे विजेवर झाडणाऱ्या यंत्राचे माहेर आणि विजेस दाराबाहेर ठेवणारी वस्ती ही एकमेकांपासून फार दूर नाहीत. सृष्टीत असे योग असतात.

गावाचे मूळ नाव न्यू बर्लिन. जर्मन वंशाच्या लोकांची वस्ती, म्हणून ते नाव. पहिल्या महायुद्धात जर्मनीचे नावही अमेरिकेत कोणास सहन होईना, तेव्हा १९१८ साली गावाने ते टाकून नॉर्थ कँटन हे नाव घेतले. येथे हूव्हर नावाचे एक कुटुंब होते. वाचकांच्या मनात लागलीच अमेरिकेचे अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर येतील, म्हणून सांगून टाकतो की ते हे नव्हेत. हे हूव्हर चामडे कमावणारे. विल्यम हेन्री हूव्हर यांचा जन्म १८४९ सालचा. त्यांच्या वडिलांचा चामडे कमावण्याचा धंदा होता. मुलाने तो वाढवून खोगिरे, घोड्यांचा साज, पट्टे असा माल करण्याचा कारखाना काढला. ज्या शेतावरील घरात त्यांचे बालपण गेले, ते घर आणि त्याशेजारची चामडे कमावण्याची जुनी इमारत ही दोन्ही जतन करून तेथे १९७८ साली एक संग्रहालय उघडण्यात आले. आम्ही गेलो त्या वेळी त्याची व्यवस्था तेथील वॉल्श विद्यापीठाकडे होती.

घर दोन मजली, देखणे, भोवती बाग. संग्रहालय म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे ज्या भव्य पायऱ्या व खांब उभे राहतात त्यांपैकी येथे काही नाही. एखाद्या सुखवस्तू शेतकऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून जावे आणि घरच्या वयस्क बाईंनी एकेक खोली उघडून दाखवावी, तसा प्रकार. आम्हाला हिंडवून दाखविणाऱ्या बाई खरोखरच वयस्क होत्या, आणि प्रत्येक यंत्राविषयी त्या अशा आपुलकीने बोलत होत्या की जणू ती त्यांच्या नात्यातली माणसेच.

प्रथम त्यांनी विजेच्या पूर्वीची यंत्रे दाखविली. कोणास भाता, कोणास हातपंप, कोणास दट्ट्या. त्यांतील एक १९१० सालचे होते. त्याच्या फळीवर मनुष्याने उभे राहावयाचे आणि लहान मुले आडव्या फळीवर झोके घेतात तसे एकदा या पायावर, एकदा त्या पायावर डुलावयाचे. म्हणजे खालचे दोन भाते आळीपाळीने उघडमीट करितात आणि नळीतून धूळ ओढली जाते. आमच्या सौ. क्षणभर त्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “एकीने वर नाचायचं आणि दुसरीने नळी धरायची. त्यापेक्षा केरसुणी काय वाईट?” जामातांनी याचे इंग्रजी करून सांगितले तेव्हा त्या बाई मनापासून हसल्या.

या यंत्रांत शोषण कसे घडते हे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण ‘यंत्र धूळ ओढते’ एवढे म्हणून वर्गात माझी सुटका झाली नसती. यंत्राच्या पोटात पंखा असतो. तो फिरू लागला की आतील हवा मागे फेकतो. त्यामुळे आतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, आणि ती उणीव भरून काढण्याकरिता बाहेरची हवा तोंडातून वेगाने आत शिरते. ती शिरताना आपल्याबरोबर धूळ आणते. पुढे ही हवा कापडी पिशवीतून बाहेर पडते. कापडाच्या छिद्रांतून हवा निसटते, धूळ अडकते. म्हणजे हे लोहाराच्या भात्याचेच काम, फक्त उलटे. तत्त्व एवढेच, पण ते घरातील एका मनुष्यास उचलता येईल अशा आकारात बसविणे, ही खरी कारागिरी.

ही कल्पना सर्वस्वी अमेरिकेची असे मात्र म्हणता येणार नाही. लंडन येथे ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या एंजिनियराने १९०१ साली शोषणाचे यंत्र सिद्ध केले होते. त्यापूर्वी त्याने एका नाट्यगृहात धूळ फुंकून उडविणारे यंत्र पाहिले. फुंकण्याऐवजी ओढून का घेत नाही, असे त्याने विचारले, तर ते शक्य नाही असे उत्तर मिळाले. तेव्हा त्याने उपाहारगृहातील मखमली खुर्चीवर रुमाल ठेवून, त्यास तोंड लावून श्वास आत ओढला. तो ठसकला खरा, पण रुमालाच्या खालच्या अंगाला धुळीचा ठसा उमटला! पुढे त्याने बनविलेले यंत्र घोडागाडीवरून हिंडविण्याएवढे अवजड होते. ते रस्त्यावर उभे करून त्याच्या लांब नळ्या खिडक्यांतून घरात सोडीत. सातव्या एडवर्ड राजाच्या १९०२ सालच्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबीतील गालिचे त्याच यंत्राने स्वच्छ केले. परंतु हे राजेरजवाड्यांचे काम झाले. सामान्य गृहिणीच्या हाती यंत्र आले ते ओहायोमधून, आणि ते कोणा एंजिनियराने दिले नाही.

ते दिले जेम्स मरे स्पँगलर याने. याचा जन्म १८४८ सालचा. शेतीच्या अवजारांत सुधारणा करून त्याने काही पेटंटे मिळविली होती, पण लक्ष्मी काही प्रसन्न झाली नाही. वय साठीला टेकले तेव्हा तो कँटन शहरातील एका मोठ्या दुकानात रात्री झाडलोट करण्याच्या नोकरीवर होता. त्याला दम्याचा विकार होता. गालिच्यांवरून ब्रश फिरविला की धूळ उडे आणि खोकल्याची उबळ येई. म्हणजे पोटासाठी झाडावयाचे आणि झाडल्याने श्वास कोंडावयाचा, असा पेच. कोणी दुसरा असता तर नशिबाला बोल लावून बसला असता. याने विजेच्या पंख्याची मोटर, साबणाचा पत्र्याचा डबा, केरसुणीचा दांडा आणि उशीचा अभ्रा एवढे सामान जमविले आणि त्यातून पुढे ब्रश फिरणारे व मागे धूळ साठविणारे एक यंत्र उभे केले. त्याला २ जून १९०८ रोजी पेटंट मिळाले.

हे यंत्र त्याने हूव्हरसाहेबांच्या पत्नी सुझन यांस दाखविले. त्यांना ते पसंत पडले. आणि इकडे हूव्हरसाहेबांपुढे निराळीच चिंता उभी होती. रस्त्यावर मोटारी दिसू लागल्या होत्या. मोटारीला खोगीर लागत नाही आणि लगामही लागत नाही! चामड्याच्या साजाचा धंदा आज ना उद्या बसणार हे त्या दूरदर्शी मनुष्याने ताडले, स्पँगलरचे पेटंट विकत घेतले आणि चामड्याच्या कारखान्याच्या एका कोपऱ्यात ही यंत्रे बनविण्यास आरंभ केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एका मोठ्या साप्ताहिकात जाहिरात देऊन त्यांनी दहा दिवस यंत्र फुकट वापरून पाहण्याची सवलत जाहीर केली. मागणी येताच यंत्र परस्पर न धाडता त्या त्या गावच्या दुकानदारामार्फत धाडले, आणि तोच दुकानदार पुढे कायमचा विक्रेता झाला. धंदा कसा वाढवावा याचा हा धडा व्यापारी वर्गाने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. स्पँगलर १९१५ साली वारला. इंग्लंडात आजही लोक झाडण्याच्या क्रियेला ‘हूव्हर करणे’ म्हणतात. ‘स्पँगलर करणे’ असे कोणी म्हणत नाही.

संग्रहालयात त्या पहिल्या हूव्हर यंत्राचा नमुना आहे. त्याच्यापुढे मी बराच वेळ उभा राहिलो. वय माझ्याएवढे, धंदा झाडलोटीचा, छातीत दमा, आणि अशा मनुष्याच्या हातून ही वस्तू निघाली! पुढच्या दालनांत या वस्तूची उत्तरोत्तर प्रगती पाहावयास मिळते. १९२६ च्या यंत्रात फिरत्या रुळावर धातूच्या पट्ट्या बसविल्या, म्हणजे गालिचा नुसता झाडला न जाता बडविलाही जाऊ लागला. १९३६ साली हेन्री ड्रायफस या नामांकित आकृतिकाराने यंत्राला बेकेलाइटचे सुबक आच्छादन दिले, आणि मॅग्नेशियम धातू वापरून त्याचे वजन घटविले. १९५० च्या दशकातील एक यंत्र गोलाकार होते. ते आपण बाहेर सोडलेल्या हवेवरच किंचित उचलले जाते आणि बाईच्या मागोमाग तरंगत जाते. हे पाहून कन्या म्हणाली, “बाबा, पुष्पक विमानच की!” मी म्हटले, पुष्पकाने लंकेत केर काढल्याचा उल्लेख कोठे आढळत नाही.

एका दालनात युद्धकाळची हकीकत आहे. कंपनीची शाखा इंग्लंडात होती आणि लंडनच्या पश्चिमेस पेरिव्हेल येथे तिचा मोठा कारखाना उभा होता. १९४० साली बाँबहल्ल्यांचे सावट पडले, तेव्हा इंग्लंडातील कामगारांची ८० हून अधिक मुले समुद्रापार नॉर्थ कँटन येथे आणण्यात आली आणि गावातील कुटुंबांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. त्या काळात कारखान्यात झाडणारी यंत्रे होत नसत. शिरस्त्राणांची अस्तरे व तोफगोळ्यांच्या स्फोटकयुक्तीचे भाग होत. एकाच धंद्याच्या सूत्राने बांधलेली, परस्परांस कधी न पाहिलेली माणसे एकमेकांची लेकरे सांभाळतात, हे वाचून आमच्या सौ.नी डोळ्यांस पदर लावला.

बाहेर पडून आम्ही गावाच्या मध्यभागी असलेला कारखाना पाहावयास गेलो. विटांच्या प्रचंड इमारती. पण आतून यंत्रांचा घोष नाही. कंपनी १९८० च्या दशकात हूव्हर मंडळींच्या हातून गेली, पुढे हस्ते परहस्ते विकली गेली, आणि अखेर २००७ साली हाँगकाँगच्या एका उद्योगाने ती घेतल्यावर त्याच वर्षी नॉर्थ कँटनचा कारखाना बंद झाला. जवळजवळ शंभर वर्षे ज्या गावातील बापाने मुलाला, मुलाने नातवाला कारखान्यात नेऊन उभे केले, त्या गावाची कळा एका वर्षात पालटली. आपल्या मुंबईच्या गिरणगावाची ज्यांना आठवण आहे त्यांस याचा अर्थ अधिक फोड करून सांगावयास नको.

संग्रहालयातील त्या बाई आम्हाला निरोप देताना म्हणाल्या होत्या, “येथे यंत्रे पाहिलीत. आता ती जिवंत करणारा मनुष्य पाहा.” आणि त्यांनी एका गृहस्थांस दूरध्वनीवरून आमची वर्दी दिली. नाव छापू नये अशी त्या गृहस्थांची विनंती असल्याने मी ते देत नाही. सत्तरीचे वय, उंच बांधा, हाताची बोटे जाड पण हालचाल सोनाराची. पंचवीसहून अधिक वर्षे त्यांनी त्याच कारखान्यात मोटरी जुळविण्याचे काम केले होते. घरामागील मोटारखान्यात आता मोटार नाही. भिंतीला लावलेल्या फळ्यांवर ओळीने जुनी धूलिशोषक यंत्रे आहेत. हूव्हरची तर आहेतच, पण घसरगाडीसारख्या पट्ट्यांवर चालणारे स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सचे नळकांडेही आहे. अमेरिकेत व इंग्लंडात अशी यंत्रे जमविणाऱ्यांची मंडळे आहेत. कोणी मेल्यावर घरातील सामान विकावयास काढतात तेथून, कोणी कचऱ्यात टाकले असेल तेथून, ती उचलून आणावयाची आणि नीट करावयाची, हा त्यांचा छंद.

या जीर्णोद्धाराचा विधी त्यांनी आम्हाला सावकाश दाखविला. पहिला नियम असा की जुने यंत्र हाती आल्याबरोबर विजेला जोडावयाचे नाही. तारेवरील रबर वाळून तडकलेले असते, वरचे सुती वेष्टन मात्र चांगले दिसते, फसगत होते. म्हणून आधी तार बदलावयाची. नंतर यंत्र खोलावयाचे आणि निघालेला प्रत्येक स्क्रू कागदावर काढलेल्या आकृतीत ज्या त्या जागी ठेवावयाचा. आतील धूळ काढताना ते तोंडाला पट्टी बांधतात. “स्पँगलरचे स्मरण ठेवावे लागते,” असे ते म्हणाले. मोटरीतील तांब्याच्या पट्ट्यांवर काजळी धरलेली असते ती अलगद घासावयाची, झिजलेले कार्बन बदलावयाचे, मेणासारखे घट्ट झालेले वंगण धुऊन नवे भरावयाचे. ब्रश फिरविणारा रबरी पट्टा बहुधा तुटलेलाच असतो. पिशवीची शिवण कुजलेली असेल तर त्याच जातीच्या कापडाची नवी पिशवी शिवावयाची. हे सर्व झाल्यावर यंत्र प्रथम चालवावयाचे ते मध्ये एक विजेचा दिवा जोडून. आपल्याकडील वायरमन ज्याला ‘सिरीज’ म्हणतात तीच युक्ती. आत कोठे दोष असेल तर दिवा लखकन पेटतो आणि यंत्र वाचते. दोष नसेल तर दिवा मंद होतो आणि मोटर हळूहळू घरघरू लागते. आमच्यासमोर त्यांनी १९२० च्या दशकातील एक यंत्र असे चालविले. दिवा मंद झाला, पिशवी फुगली, आणि त्या वृद्ध चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो केवळ कारागिराचा नव्हता.

मी त्यांना विचारले, “यांत सर्वांत कठीण भाग कोणता?” मला वाटले ते मोटरीचे नाव घेतील. ते म्हणाले, “कोठे थांबावयाचे ते ठरविणे.” ॲल्युमिनियम बारीक कागदाने घासून झिलई दिली की आरशासारखे चकाकते. रंग नवा देता येतो. मूठ दुसऱ्या यंत्राची काढून बसविता येते. दोन मेलेली यंत्रे फोडून त्यांतून एक जिवंत करता येते. हे सगळे येते; परंतु सगळे केल्यावर जे उरते ते जुने यंत्र असते का, हा त्यांचा प्रश्न. नैयायिकांच्या वर्गात शोभावा असा हा प्रश्न ओहायोमधील मोटारखान्यात ऐकून मी चकित झालो.

मग त्यांनी टेबलाच्या कप्प्यातून कागदात गुंडाळलेली एक वस्तू काढली. ती एका यंत्राची मूठ होती. त्याची कथा अशी. शेजारच्या गावातील एक बाई आपल्या मृत आईचे यंत्र घेऊन त्यांच्याकडे आली. ते १९३० च्या दशकातील, आईने जुने म्हणून विकत घेतलेले. आई चाळीस वर्षे लोकांच्या घरी साफसफाईचे काम करी आणि हे यंत्र आपल्याबरोबर नेई. मुलीला ते नव्यासारखे करून आपल्या दिवाणखान्यात ठेवावयाचे होते. या गृहस्थांनी सुचविले की बाकी सर्व नवे करतो, पण मूठ तेवढी आहे तशी राहू द्यावी. ती म्हणाली, नको; मूठच तर सर्वांत घाणेरडी दिसते. यंत्र तिचे होते. त्यांनी तिच्या इच्छेप्रमाणे केले आणि दुसरी मूठ बसविली. जुनी मूठ मात्र टाकली नाही. तिच्यावर नाव व तारीख लिहून ठेवून दिली. यंत्र नेताना त्यांनी ती बाईपुढे धरली, तर तिने मान हलविली. “दोन वर्षे झाली,” ते म्हणाले, “कदाचित येईल.”

ती मूठ आमच्या सौ.नी हातात घेतली. काळा लेप एका अंगाला पार झिजून आतला भाग दिसत होता. त्यांनी आपली बोटे त्या झिजेवर ठेवून पाहिली, जरा सरकविली, आणि म्हणाल्या, “ही बाई डावरी होती. आणि अंगठा वर ठेवून धरायची, म्हणजे कंबर दुखत असणार. वाकायला नको म्हणून असं धरतात.” जामातांनी हे सांगितल्यावर ते गृहस्थ एकदम उठून उभे राहिले. ती डावरी असल्याचे मुलीने बोलण्याच्या ओघात खरोखरच सांगितले होते! जिला या बाईचे नाव ठाऊक नाही, भाषा ठाऊक नाही, अशा एका परक्या स्त्रीला तिची कंबर दुखत होती हे त्या मुठीने सांगितले. नवी, झिलई दिलेली मूठ हे कोणास सांगणार?

तेथून परत येताना माझ्या मनात एकच विचार घोळत होता. वस्तू जपणे आणि वस्तू चकचकीत करणे या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत. देवालयाचा जीर्णोद्धार करताना तेलकट रंगाने पुरातन दगड लिंपून टाकणारे भाविक आपण पाहतोच. भक्ती खोटी नसते, परंतु ज्या पाथरवटाच्या छिन्नीचे घाव त्या दगडावर होते ते कायमचे बुजतात. उपकरणाचे मोल त्याच्या धातूत नसते. ते ज्यांनी वापरले त्यांच्या हातांनी त्यावर जे लिहून ठेवले, त्यात असते. आणि झाडलोट करणाऱ्यांच्या बाबतीत तर दुसरे काही लिहिलेलेच नसते. शाळेत मुख्याध्यापकांच्या नावांचा फलक असतो, सनासह, सोनेरी अक्षरांत. रोज घंटेच्या आधी येऊन वर्ग झाडणाऱ्या सेविकेचे नाव कोणत्याही फलकावर नसते. स्पँगलरचे नाव राहिले ते त्याने यंत्र काढले म्हणून. त्याच्याबरोबर त्या रात्री झाडणाऱ्या इतरांची नावे राहिली नाहीत.

आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहून तिला लक्ष्मी म्हणून पूजतात. तिला पाय लागू देत नाहीत. यामागील भाव फार उदात्त आहे, आणि ती पूजा करणाऱ्या घरांतून हे वाचले जात आहे म्हणूनच पुढील विनंती करण्याचे धाडस करतो. आपल्या माळ्यावर, कोठीत, पलंगाखाली काही जुनी उपकरणे असतील. मधोमध खोलगट झालेला पाटा, खुंटा गुळगुळीत झालेले जाते, पावडी झिजलेले शिवणयंत्र, आजीची अडकित्ता किंवा विळी. ती विकावयाची की ठेवावयाची हे ज्याने त्याने आपल्या जागेप्रमाणे ठरवावे. शहरातील घरे लहान झाली आहेत, हे मी जाणतो. परंतु जी ठेवाल ती घासून-रंगवून दिवाणखान्याची शोभा करण्यापूर्वी घरातील एखाद्या वडीलधाऱ्या बाईच्या हातात द्यावी, आणि ती काय सांगते ते ऐकून घ्यावे. मग एका चिठ्ठीवर ही वस्तू कोणी, किती वर्षे वापरली ते लिहून तिला बांधून ठेवावे. वापरणारी घरची असो की कामावर येणारी असो, तिचे नाव ठाऊक असेल तर तेही लिहावे.